माश्यांच्या ताटलीतलं पाणी

चष्मा पुसायला म्हणून वसंतरावांनी लेंग्याच्या खिशातून रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर तीन पिवळ्या सुरकुतलेल्या गाठी फरशीवर पडल्या. लिंबोळीएवढ्याच त्या. एक कपाटाखाली गेली, एक जागच्या जागी गिरकी घेऊन बसली, आणि तिसरी घरंगळत थेट वनमालाबाईंच्या पायाशी जाऊन थांबली. सगळी नोकरी कचेरीच्या जावक विभागात काढलेल्या वसंतरावांचं एकही टपाल इतक्या अचूक पत्त्यावर कधी पोचलं नव्हतं.

वनमालाबाई खिडकीपाशी दिवाणावर बसल्या होत्या. उजव्या हातात रबराचा हिरवा बॉल होता. फिजिओथेरपीच्या मुलीनं दिलेला. दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. त्यांनी वाकून पायाशी आलेल्या गाठीकडं पाहिलं. खरबुजाच्या फुलाखाली असते ती गाठ. धरली तर तिचंच फळ होतं. नाही धरली तर पिवळी पडते आणि गळते.

“आजच्या?”

“छे, आजच्या कुठल्या. कालच्या असतील. परवाच्या.”

“म्हणजे रोज गळतात,” वनमालाबाई म्हणाल्या. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचं बोलणं सावकाश झालं होतं. एकेक शब्द पुसून मांडल्यासारखा यायचा. “आणि तुम्ही वेचून खिशात घालता. मी विचारलं की म्हणता, एकपण नाही गळालं.”

“अगं, उन्हानं गळतं थोडंफार.”

“ऊन काय धाराशिवात यंदाच पडायला लागलं? डाव्या हातानं बी टोकल्यावर दुसरं काय व्हायचं.”

मग त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उलगडली, आतला बॉल काढला आणि खिडकीच्या कट्ट्यावर गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवून दिला. रागानं नाही. दुकानात वस्तू बघून, नको म्हणून परत ठेवावी तसा.

“राहू द्या आता हे,” त्या म्हणाल्या.

वसंतराव कपाटाखाली गेलेली गाठ काढायला ओणवे झाले. खरं तर ती काढायची काही घाई नव्हती, पण त्या क्षणी खोलीत तोंड लपवायला तेवढीच जागा होती. फरशी गार होती. कपाटाखाली एक जुनं बटण, धुळीची वळकटी आणि ती गाठ. गाल फरशीला टेकवून त्यांनी हात लांब केला आणि त्यांच्या मनात आलं, की डाव्या हाताची यात काही चूक नाही. गुन्हेगार हात उजवा होता, आणि तो हा कपाटाखाली घातलेला. तो बाहेर यायला जरा वेळच लागला.

वनमालाबाईंच्या हाताला गुण होता, हे कॉलनीत कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. माहेर नळदुर्गचं, लहानपणी बोरी नदीच्या वाळूत वडिलांबरोबर खरबुजाचं बी टोकलेलं. इथं कॉलनीत घर बांधलं तेव्हा अंगणात निम्मा मुरूम आणि निम्मे विटांचे तुकडे होते, त्यातनंही त्यांनी दोडकी काढली. मृग लागला की शेजारच्या हरणाबाई दारात येऊन उभ्या राहायच्या: “चला वनमालाबाई, तुमच्या हातानं पहिलं बी पडू द्या, मग आमी टोकतो बाकीचं.” हरणाबाईंचंच काय, पलीकडच्या दोन गल्ल्यांतसुद्धा भोपळा असो, वाल असो, पहिलं बी वनमालाबाईंच्या उजव्या हाताचं. वसंतरावांना याची गंमत वाटे. कचेरीत त्यांची सही असल्याशिवाय कागद पुढं जात नसे, पण त्या सहीनं कुठं काही उगवल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. आणि हीच बाई दिवाळीच्या आधी कढईतला चिवडा हलवता हलवता उजव्या अंगानं खाली बसली. झारा हातात तसाच. “हात झोपला बघा,” एवढंच म्हणाली. सोलापूरचा दवाखाना, नळ्या, गोळ्या, भिंतीवरचं सावकाश चालणारं घड्याळ. परत आली ती वॉकर घेऊन. संक्रांतीनंतर तिनं खरबुजाचं बी मागितलं, आणि उजवा हात उचलेना म्हणून डाव्या हातानं टोकलं. हरणाबाईंनी कंपाउंडवरून बघितलं. बोलायचं नव्हतं, पण हरणाबाईंना न बोलणं कधी जमलेलं नाही. “डाव्या हातानं व्हय?” त्या म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावून म्हणाल्या, “न्हाय, येतंय की. न यायला काय झालं?” त्या ‘न यायला काय झालं’वर वनमालाबाई दोन महिने बॉल दाबत होत्या. वेल पसरली, वेलीला फुलं आली, फुलांखाली गाठी आल्या, तसतसा बॉल जास्त दाबला जायला लागला. डॉक्टरांपेक्षा वेलीच्या प्रकृतीवर त्यांचा हात चालला होता. आणि आता तो बॉल कट्ट्यावर होता.

वसंतराव पोर्चमध्ये येऊन खुर्चीत बसले. आणि बसताक्षणी उठले. या खुर्चीत हल्ली त्यांना धड बसवत नसे. तशी जागा उत्तम. मधुमालतीची सावली, मागं भिंतीचा गारवा, समोर रस्ता, आणि सगळ्यांना आपण दिसत नाही पण आपल्याला सगळे दिसतात असा बेताचा आडोसा. घर बांधतानाच त्यांनी ही जागा मनात धरली होती: निवृत्त झाल्यावर इथं खुर्ची टाकायची आणि पेपर वाचायचा. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मधुमालतीच्या फांदीला, बरोबर खुर्चीच्या डोक्यावर, फुलोरी माश्यांनी पोळं धरलं. तळहाताएवढं. बारक्या माश्या, नीट गुणगुणायचंसुद्धा त्यांना येत नसे. वसंतरावांच्या उजव्या कानाला त्यातली एक चावली, तीसुद्धा त्यांनी पेपरची घडी तिच्यावर उगारली म्हणून. त्यावर वनमालाबाईंनी माश्यांना काही न करता खुर्ची उचलली आणि फाटकापाशी नेऊन ठेवली. “तुम्हाला कुठंही बसता येतं,” त्या म्हणाल्या, “त्यांना येत नाही.” शिवाय ओट्याच्या कडेला एक पितळी ताटली ठेवली, तिच्यात खडे आणि पाणी. खडे कशाला, तर माश्यांना पाणी पिताना पाय टेकायला. वसंतरावांना स्वतःला कुणी पाणी देताना पाय कुठं टेकतील याचा विचार केल्याचं आठवेना. तीन उन्हाळे ते फाटकापाशी उन्हात बसले. येणाजाणारा प्रत्येक जण ‘काय भाऊसाहेब, कुणाची वाट बघताय?’ म्हणून विचारायचा. रिक्षावाले थांबायचे. एकदा पत्रिका वाटायला आलेल्या माणसानं त्यांना वॉचमन समजून पत्रिका आत द्यायला सांगितली होती.

झालं ते असं. वनमालाबाई सोलापूरला दवाखान्यात असताना वसंतराव एका दुपारी कपडे न्यायला म्हणून घरी आले. दार उघडलं, सुटकेस भरली, चहा केला. कप घेऊन पोर्चमध्ये आले तर खुर्ची फाटकापाशी उन्हात, आणि सावलीत माश्या. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं. आता ते पुढं काय करणार आहेत, हे त्यांच्या मनाला नंतर कळलं. हाताला आधी कळलं होतं. कपाटात डास मारायचा फवारा होता. त्यांनी तो आणला आणि खालून वर, नीट, कोपरे धरून मारला. अर्ध्या मिनिटाचं काम. माश्या चावायलासुद्धा आल्या नाहीत. काळ्या मण्यांसारख्या टपटप पडायला लागल्या. काही ओट्यावर, काही ताटलीतल्या पाण्यात. त्यांनी खराट्यानं लोटून घेतल्या, कागदात गुंडाळल्या, पोळं काठीनं पाडलं. मग खुर्ची आत आणली आणि निवलेला चहा घेत तिथं बसले. आणि त्यांना बरं वाटलं. हीच ती गोष्ट. माश्या मेल्या याचं नंतर कसंही समर्थन करता आलं असतं, म्हणजे वनमाला वॉकरवर येणार, तिला पळता यायचं नाही, एखादी चावली तर, वगैरे. असली कारणं जोडण्यात त्यांचा हातखंडा होता. पण बायको तिकडं नळ्या लावून पडलेली असताना ते इथं पाय लांब करून बसले आणि त्यांना छान वाटलं, गारवा लागला, एक डुलकीसुद्धा लागली. याला जोडायला कारण सापडत नव्हतं. खुर्चीसाठी माणसं काय काय करतात ते त्यांनी कचेरीत पुष्कळ पाहिलं होतं, पण त्या खुर्च्यांना निदान चाकं तरी होती.

डुलकीतून जागं केलं ते फोननं. पुण्याहून आलेली लेक, अर्पिता, दवाखान्यात आईपाशी होती. “बाबा, आई काहीतरी विचारतीय, घ्या.” मग बराच वेळ नुसता श्वास. मग वनमालाबाईंचा जड, घसरणारा आवाज: “माश्यांना... पाणी ठेवलं का?” झटक्यानंतरचं ते तिचं पहिलं सबंध वाक्य होतं. सगळ्यांनी त्या वाक्याची वाट पाहिली होती, डॉक्टरांनीसुद्धा. वसंतराव म्हणाले, “हो. ठेवलंय.” फोन ठेवला आणि ते खोटं ठरू नये म्हणून लगबगीनं उठले, ताटली विसळली, खडे धुतले आणि तिच्यात पाणी भरून ओट्याच्या कडेला ठेवलं. त्या दिवसापासून ताटलीत पाणी भरायचं त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं. जिवंतपणी ज्यांना पेल्याभर पाणी दिलं नाही, त्यांची आता इतकी सरबराई चालली होती. वनमालाबाई घरी आल्या तेव्हा रिक्षातून उतरून, वॉकर टेकत, आधी मधुमालतीपाशी गेल्या आणि मान वर करून उभ्या राहिल्या. “गेल्या?” त्यांनी विचारलं. “गेल्या,” वसंतराव म्हणाले. “उठून जातात त्या. त्यांचं असतंच तसं.” यातलं पहिलं वाक्य खरं होतं, तिसरं खरं होतं, मधलं तेवढं बाकी होतं. वनमालाबाईंनी मान हलवली. “मी आडवी पडले आणि त्यासुद्धा गेल्या,” त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं, घराचं काहीतरी निघून गेलं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण रिक्षावाला उभा होता, पिशव्या उतरवायच्या होत्या, आणि अशा वेळी काहीतरी उतरवायचं असतंच.

आता खरबुजाला फळ धरेना, तर वसंतरावांनी आधी दुसरे आरोपी शोधून पाहिले. ऊन. नळाचं पाणी, जे कधी येईल ते नळालाच माहीत आणि आलं की औषधाच्या वासाचं. समोरचा मोबाइलचा टॉवर. टॉवर त्यांना मनापासून आवडला. उंच होता, सगळ्यांना दिसत होता, आणि त्याला बोलता येत नव्हतं. पण मनातल्या मनात सगळी सुनावणी झाली तरी निकाल परत परत तिथंच यायचा, मधुमालतीच्या त्या फांदीपाशी, जिच्यावर मेणाचा पिवळट डाग अजून होता. कॉलनीत दुसरी माशीच नव्हती असं नाही. पण दुपारपर्यंत डोळे लावून बसलं तरी वेलीवर एक फुलपाखरू आणि दोन मुंगळे, यापलीकडं हजेरी लागत नव्हती. शेवटी त्यांनी अर्पिताला फोन केला, तोसुद्धा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी जाऊन.

“बाबा, नर फुलं आणि मादी फुलं वेगळी असतात,” अर्पिता म्हणाली. “गाठ असलेलं ते मादी. नराचं पिवळं पीठ मादीवर पडलं तरच फळ धरतं. माश्या करतात ते. तुमच्या पोर्चमध्ये आहेत ना त्या आईच्या?”

“हल्ली... फारशा दिसत नाहीत.”

“मग तुम्हीच करा. सकाळी नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या, आणि मधला दांडा गाठीवाल्या फुलात हलक्या हातानं फिरवायचा. सोपं आहे.”

“मी?”

“मग काय नगरपालिकेला कळवू? आणि बाबा, सकाळीच हं. दुपारी फुलं मिटतात.”

दुसऱ्या दिवशी वनमालाबाई गोळीच्या झोपेत असताना वसंतराव वेलीपाशी उकिडवे बसले. एकसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी आपलं मत नोंदवलं. त्यांनी एक नर फूल तोडलं आणि पाकळ्या ओढायला लागले, तर बोटं जाड वाटायला लागली. आयुष्यभर स्टॅम्प पॅड, टाचणी, सुतळी यांची सवय झालेली बोटं. पहिल्या फुलाचा दांडाच मोडला. दुसरं मातीत पडलं. तिसरं घेऊन ते गाठीवाल्या फुलाकडं वळले आणि त्यांना विलक्षण संकोच वाटला. स्वतःच्या लग्नात वनमालाचा हात पहिल्यांदा हातात दिला होता तेव्हा वाटला तसलाच; तो हातही असाच होता, ओलसर आणि जरासा चिकट, हळदीनं पिवळा. त्यांनी डोळे किलकिले करून दांडा फिरवला. वास आला, काकडीचा आणि मधाचा मिळून एक. आणि एकाएकी फवाऱ्याचा वाससुद्धा आला, जो तिथं असायचं काही कारण नव्हतं.

“भाऊसाहेब!” गच्चीवरून आवाज आला. शेजारचे शांतलिंग, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, दात घासत कठड्यावर टेकले होते. “पूजेला फुलं घेताय का लग्नं लावताय?”

“हळू, शांतलिंग. हळू.”

“मग लग्नंच. पत्रिका न्हाय, मंडप न्हाय, पळवून आणलंय जनू.” त्यांनी चूळ भरली. “लई बारीक काम घेतलं की वो. दिसतंय का तरी?”

“आमच्या हिला काही बोलायचं नाही, बरं का.”

“का हो? चांगलंच काम हाय की.”

वसंतरावांनी हातातला दांडा मातीत खुपसला. चांगलं काम लपून करायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. वाईट कामाचा त्यांना थोडाफार सराव होता. “तिला वाटू दे तिच्या हातानं आलं,” ते म्हणाले, आणि म्हणताना आपण फार थोर बोललो असं त्यांना क्षणभर वाटून गेलं. शांतलिंगांचाही चेहरा मऊ झाला. “व्हय व्हय,” ते म्हणाले, “वहिनींना उभारी पायजे.” आणि ते गच्चीवरून गेले, तर वसंतरावांना उकिडवं बसल्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मारायचं आपणच, वर सेवेचं कौतुकही आपल्यालाच. घरच्या कामाला आपण इतके दिवस हातच लावला नव्हता, म्हणून ही कला आजवर फक्त कचेरीत वापरली गेली, असं त्यांच्या मनात आलं.

मग ते रोजचं झालं. उठायचं, चूळ भरायची, माशी व्हायचं. कितीतरी गाठी तरीही गळाल्या. त्यांच्या हातात नाजूकपणा नव्हता, आणि फुलं काही त्यांची मुरवत ठेवत नव्हती. गळालेली गाठ आता ते खिशात घालत नसत, मातीत दाबून टाकत. माशी होता होता त्यांना माश्यांची रीत समजायला लागली: एका फुलावर फार थांबायचं नाही, सकाळच्या उन्हाला पाठ द्यायची, पोट हलकं ठेवायचं. एवढीशी ती जात, आणि हे सगळं ती मान न मोडता करत होती, रोज, त्यांच्या डोक्यावर, आणि ते खाली बसून पेपरात देशाचं काय चाललंय ते बघत होते. घरात वनमालाबाई खिडकीकडं पाठ करून बसायला लागल्या होत्या. फिजिओथेरपीची मुलगी येऊन बॉल हातात द्यायची, ती गेली की बॉल कट्ट्यावर. “काकू, हात आखडेल मग,” ती म्हणायची. “आखडू दे,” वनमालाबाई म्हणायच्या, “आता काय टोकायचंय त्यानं?” मुलगी वसंतरावांकडं बघायची आणि वसंतराव पंख्याकडं.

आणि मग एक गाठ गळाली नाही. ती पिवळी पडली नाही, हिरवीच राहिली, अंगावर बारीक लव, आणि एका सकाळी मान खाली घालून जड झाली. वसंतराव तिच्याकडं इतका वेळ बघत राहिले की गुडघे विसरले. ते धावत आत गेले. दारात त्यांची पावलं थांबली. काय म्हणून सांगणार? ‘माझं धरलं’ म्हणून? त्यांनी वनमालाबाईंना उठवलं, चहा दिला आणि म्हणाले, “आज पोर्चमध्ये बसतेस का जरा? वारा आहे.” वारा अजिबात नव्हता. वनमालाबाई वॉकर टेकत बाहेर आल्या. वेलीकडं न बघायचं म्हणून ताटलीकडं बघत राहिल्या, आणि मग न बघण्यातूनच त्यांना ओट्याखालचं ते फळ दिसलं. वॉकर सोडला, कठड्याला धरून खाली टेकल्या, आणि डावा हात आधाराला गुंतलेला म्हणून उजवा हात पुढं गेला. आपण काय करतोय हे त्या हाताला कळलं नसावं. बोटं थरथरत त्या लिंबाएवढ्या फळाभोवती आली आणि थांबली. धरलं नाही, नुसती भोवती आली, दिव्याभोवती धरतात तशी.

“अहो,” त्या म्हणाल्या.

“काय गं?”

“धरलंय.”

“अरेच्चा,” वसंतराव म्हणाले. एवढा एकच शब्द, पण तो त्यांना फार जड गेला.

दुपारी बॉल उजव्या हातात होता. दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. त्या आवाजानं, म्हणजे रबराच्या त्या बारीक कुचकुच आवाजानं, वसंतरावांना एकीकडं जीव भांड्यात पडल्यासारखं व्हायचं आणि दुसरीकडं कुणीतरी आतून चिमटे घेतल्यासारखं. वनमालाबाईंनी तर पुढचंही शोधून काढलं होतं. “माश्या परत आल्यात,” त्या म्हणाल्या. “मला दिसत नाहीत, मी उशिरा उठते म्हणून. पण ताटलीतलं पाणी बघा, सकाळी काठोकाठ असतं, संध्याकाळी बुडाशी. पिऊन जातात.” चैत्राच्या त्या उन्हात हौदसुद्धा आटला असता. पण वसंतराव म्हणाले, “येत असतील.” आणि दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, पाणी कमी होईना, तेव्हा वनमालाबाईंचं लक्ष नाही असं बघून त्यांनी ताटलीतलं अर्धं पाणी मधुमालतीच्या बुडात ओतलं. ओतताना त्यांना वाटलं, आता आपल्यात आणि माश्यांत काहीच फरक उरला नाही. त्यांचं काम आपण करतो, त्यांचं पाणीही आपणच संपवतो. फक्त त्या होत्या आणि आपण त्यांना मारलं, एवढंच काय ते.

हरणाबाई फळ बघायला आल्या तेव्हा ते नारळाएवढं झालं होतं, अंगावर जाळी धरलेली. त्यांनी कमरेवर हात ठेवून ते बघितलं, वाकून बघितलं, बोटानं टिचकी मारली. “काय वो वनमालाबाई! डाव्या हातालाबी तोच गुण!” त्या म्हणाल्या. “आन म्या येडी काय बोलून बसले त्या दिशी. मनावर घिऊ नका. ह्या मृगाला पहिलं बी तुमचंच, सांगून ठिवते. डाव्या हातानं टाका न्हायतर उजव्या. हात तुमचा पायजे.”

“उजव्यानं टाकते,” वनमालाबाई म्हणाल्या. “मृगापर्यंत येईल तो.”

त्या संध्याकाळी दोघंच पोर्चमध्ये होते. ऊन उतरलं होतं. वसंतराव सावलीतल्या खुर्चीत, वनमालाबाई शेजारी दुसऱ्या खुर्चीत, पाठीला दिवाणावरची उशी घेऊन. वसंतरावांनी ठरवलं होतं, आज सांगायचं. फळ धरलंय, हात सुधारतोय, हरणाबाई येऊन गेल्यात. यापेक्षा चांगला दिवस मिळायचा नाही. ती रागवेल, चार दिवस बोलायची नाही, पण हे रोजचं आतलं टोचणं तरी संपेल. “वनमाला,” ते म्हणाले, “त्या माश्यांचं मला तुला एक...”

“हे बघा,” वनमालाबाई म्हणाल्या. त्यांनी उजवा हात समोर धरला होता. सावकाश, एकेक करून, करंगळीपासून सुरुवात करत, बोटं मिटत गेली. अंगठा तेवढा बाहेर राहिला. मूठ झाली. पूर्ण नाही, पण मूठ. बी मावेल एवढी. “काय म्हणत होता माश्यांचं?”

वसंतरावांनी त्या मुठीकडं बघितलं. सांगितलं असतं तर त्यांच्या मनावरचा भार उतरला असता, यात शंका नव्हती. ते मोकळे झाले असते, पाय लांब करून बसले असते. आणि ती मूठ? ती ज्या फळावर वळली होती ते फळ मग कुणाच्या हाताचं होतं? त्यांच्या लक्षात आलं, की हे सांगणंसुद्धा खुर्ची सावलीत ओढून घेण्यासारखंच आहे. परत आपल्यालाच बरं वाटण्यासाठी.

“काही नाही,” ते म्हणाले. “उद्यापासनं ताटलीत थोडं जास्त पाणी ठेवावं म्हणतो.”

“ठेवा की,” वनमालाबाई म्हणाल्या. “मी कधी नको म्हटलं?”

खरबूज वैशाखात देठापाशी आपोआप सुटलं. वास घरभर झाला. वनमालाबाईंनी ते स्वतःच कापायचा हट्ट धरला. सुरी डाव्या हातात आणि उजवा हात फळावर दाबून. फोडी वाकड्यातिकड्या झाल्या. पहिली फोड त्यांनी वसंतरावांच्या हातावर ठेवली आणि त्यांच्या तोंडाकडं बघत बसल्या. वसंतरावांनी घास घेतला. फळ पार फिकं होतं. वास खरबुजाचा आणि चव कोमट पाण्याची. ज्या फळासाठी आपण रोज सकाळी गुडघे मोडून माशी झालो, त्याची चव अशीच असणार, असंही त्यांना वाटलं; आणि ती तशीच असावी, हे त्यांना कुठंतरी रास्तही वाटलं.

“गोड आहे?”

“साखर आहे नुसती,” वसंतराव म्हणाले. “असं खरबूज गेल्या कित्येक वर्षांत खाल्लं नव्हतं.”

वनमालाबाईंनी एक फोड घेतली, चावली, आणि हसायला लागल्या. झटक्यानंतर त्या अशा हसल्या नव्हत्या. तोंडाची एक बाजू मागं राहत होती, तरी हसल्या. “खोटं बोलता,” त्या म्हणाल्या. “गुळमट पाणी आहे हे. तुम्ही पाणी फार घातलं वेलीला, दुसरं काय. इतका संसार केला तुमच्याबरोबर, पण तुम्हाला एक खोटं धड बोलता आलं नाही अजून. लगेच कळतं तोंडावर.”

वसंतरावांनी फोड संपवली. सालीपर्यंत.

“बरं, बिया ठेवते मी,” वनमालाबाई म्हणाल्या. त्यांनी गर ताटात घेतला आणि उजव्या हाताच्या थरथरत्या बोटांनी एकेक बी वेगळं करून राखेत घोळवायला सुरुवात केली. “पुढच्या वर्षी चार वेल लावू. दोन तिकडं भिंतीला. माश्या आहेतच आता.”

“आहेत,” वसंतराव म्हणाले. त्यांनी चार वेलींची फुलं मनातल्या मनात मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग ते उठले. मधुमालतीखालची खुर्ची उचलली, पोर्चच्या पायऱ्या उतरले आणि अंगण ओलांडून ती फाटकापाशी, पूर्वीच्या जागी, भर उन्हात नेऊन ठेवली. आणि तिच्यात बसले. खुर्चीचे हात बघता बघता तापले.

“अहो, तिथं कशाला?” वनमालाबाईंनी विचारलं. “ऊन आहे तिथं.”

“त्यांना जागा लागेल,” वसंतराव म्हणाले.

रस्त्यावरनं जाणारा एक रिक्षावाला हळू झाला, त्यानं विचारलं, “बसस्टँड का, काका?” वसंतरावांनी मान हलवली, नाही म्हणून. आत पितळी ताटलीत ऊन पडलं होतं, आणि पाणी कमी होत होतं.